डासागणिक रुपया

मराठी माणूस आयुष्यात दोनदा पावतीपुस्तक हातात घेतो. पहिल्यांदा शाळेत असताना, गणपतीच्या वर्गणीला. दुसऱ्यांदा पंचेचाळिशीच्या पुढेमागे; घरात कोणी ऐकत नाही, ऑफिसात कोणी विचारत नाही आणि आपण समाजाचं काहीतरी देणं लागतो असं एकाएकी वाटायला लागतं तेव्हा. माझी दुसरी वेळ मलेरियामुळे आली. म्हणजे मलेरियाच्या काळजीमुळे. प्रत्यक्ष मलेरिया नंतर आला.

काळजीची लागण एका लग्नात झाली. पंगतीत शेजारी मित्राचा भाचा बसला होता. मुलगा डॉक्टर, गडचिरोलीत भामरागड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नोकरीला. मठ्ठा पिता पिता तो सांगत होता, की पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्या तिथे भेटतात, पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा बाकीच्या जगाशी संबंध तुटतो, आणि मलेरियाचा जोर नेमका त्याच दिवसांत. त्यातही फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. "महाराष्ट्रात मलेरियाच्या रुग्णांत दरवर्षी दोन नावं वर असतात, काका. एक गडचिरोली, दुसरं मुंबई."

यातलं पहिलं नाव मला स्वच्छ ऐकू आलं. दुसऱ्याच्या वेळी नेमकी जिलबी आली. शिवाय मुंबईत तर मी राहतोच. आपल्याच गच्चीवरच्या गोष्टीसाठी निधी गोळा करण्यात काय गंमत? निधीला गाव लांबचं लागतं, वाटेत निदान एखादी नदी लागते आणि आपल्याला स्वतःला तिथे जावं लागणार नाही अशी खात्री लागते. भामरागड तिन्ही कसोट्यांना उतरत होतं. नद्या तर दोन जास्तच होत्या.

घरी येऊन वाचायला बसलो. कुठलंही काम करायच्या आधी मी वाचतो. त्यामुळे माझी बरीचशी कामं वाचनावरच भागतात. वाचलं ते असं, की लंडनच्या रॉब मॅथर नावाच्या गृहस्थांनी २००५ साली जगभरच्या लोकांना मलेरियासाठी पोहायला लावलं आणि जमलेल्या पैशांतून मच्छरदाण्या घेतल्या. २००६ साली अमेरिकेत रिक रायली या क्रीडालेखकाने आपल्या सदरात वाचकांना विनंती केली, की आफ्रिकेतल्या मुलांच्या मच्छरदाणीसाठी दहा-दहा डॉलर पाठवा. वाचकांनी पाठवले. एका लेखावर! माझ्या लेखावर आजवर कोणी चहासुद्धा पाजलेला नाही. तेव्हा लेखाचा मार्ग बंद. पोहण्याचा विचार केला, पण आमच्या सोसायटीत पोहण्याइतकं पाणी फक्त गच्चीवरच्या टाकीत आहे.

मग आपल्याकडचं वाचलं. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड! माणशी वर्षाला एक पैसा मागायचा, बस्स. त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आणि त्याच रात्री रोनाल्ड रॉस सापडला. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रॉससाहेबाने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत न शिकवलेला भाग असा, की त्याला डास चावून घ्यायला रुग्ण हवा होता. हुसेन खान नावाचा रुग्ण मिळाला. त्याचा दर ठरला होता डासामागे एक आणा.

मी अंथरुणात उठून बसलो. एकीकडे पैसा फंड, दुसरीकडे डासामागे आणा. दोन्ही जुळवलं, महागाईचा हिशेब धरला, आणि योजना तयार झाली : डासागणिक रुपया. सोसायटीतल्या मुलांनी डास मारायचे. प्रत्येक फ्लॅटने एकेक मूल दत्तक घ्यायचं आणि ते जितके डास मारील तितके रुपये निधीला द्यायचे. इकडे डास कमी, तिकडे निधी जास्त. नोबेल मिळावं अशी योजना होती. रॉसला १९०२ साली मिळालंच होतं. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "दिवा मालव, डास येतात."

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी विषय मांडला. खरं म्हणजे त्या दिवशी विषयपत्रिकेवर पहिला विषय गच्चीवरच्या टाकीचं झाकण हा होता. झाकणाला भेग गेली होती, एक कोपरा उडाला होता, नव्या झाकणाचं कोटेशन येऊन पडलं होतं. मी उठून म्हणालो, "आपण किती दिवस आपल्याच डोक्यावरच्या झाकणाचा विचार करणार? जरा सोसायटीच्या भिंतीपलीकडे बघा." टाळ्या पडल्या. झाकण पुढच्या सभेवर गेलं.

पुढे मी जगातली आकडेवारी सांगितली. २०२३ या एका वर्षात मलेरियाने जगात अंदाजे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. बहुतेक आफ्रिकेत, आणि त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. सी विंगमध्ये एक सीए राहतात. त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवर भागाकार केला आणि म्हणाले, "म्हणजे मिनिटाला एकाहून जास्त. तुम्ही भाषण आवरतं घ्या." सेक्रेटरींनी विचारलं, पुण्याच्या सीरमने मलेरियाची लस केलीय ना, मग आता हे कशाला? मला उत्तर येत होतं, त्यामुळे मी फार खूश झालो. ती आर-२१ लस, ऑक्सफर्डची आणि सीरमची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली, पण ती लहान मुलांसाठी, आणि तीही फाल्सिपेरमवर. हे सगळं सांगून होईपर्यंत सभेत सीए, सेक्रेटरी आणि वॉचमन एवढेच उरले होते. ठराव एकमताने पास झाला. सीएंनी फक्त एक पुरवणी सुचवली : प्रत्येक मुलामागे रकमेला वरची मर्यादा असावी. मी म्हणालो, "दानाला कसली मर्यादा?"

हे वाक्य पुढे मला बऱ्याच जणांनी जिन्यात ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन लावला. म्हटलं, हजार मच्छरदाण्या पाठवतो, प्रत्येकीवर आमच्या सोसायटीचं नाव छापून. नमुन्याची एक आणलीही होती. आदल्या रात्री ती घरी बांधून पाहिली होती : एक कोपरा खिडकीच्या गजाला, दुसरा कपाटाच्या कडीला, तिसरा पडद्याच्या दांडीला. चौथ्याला काहीच मिळेना म्हणून तो मी हातात धरून बसलो. बायकोने विचारलं, "सकाळपर्यंत?" यथावकाश दांडी पडद्यासकट खाली आली. आत एक डास आधीपासूनच होता आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, त्यामुळे तोही चिडलेला होता.

भाचा शांतपणे म्हणाला, "काका, साध्या मच्छरदाण्या नकोत. इथे सरकार देतं त्या औषधाच्या असतात. धाग्यातच कीटकनाशक. डास नुसता टेकला तरी मरतो. तीनेक वर्षं टिकते, वीस धुण्यांपर्यंत चालते. फक्त वाळवायची सावलीत, ते सांगून सांगून आमचा घसा बसतो."

"मग आणखी देऊ."

"प्रश्न नुसत्या मच्छरदाण्यांचा नाही हो. उन्हाळ्यात माणसं अंगणात झोपतात. पीक राखायला रात्रभर शेतात मचाणावर बसतात. तिथे चार कोपरे कुठे बांधणार?"

चौथ्या कोपऱ्याबद्दल मला आता अधिकाराने बोलता आलं असतं, पण मी गप्प बसलो.

"खरं मदत करायची असेल," तो म्हणाला, "तर आमच्या आशाताईंना गमबूट द्या. रेनकोट आणि चांगल्या टॉर्च. भर पावसात नाले ओलांडून त्या तापाचा माणूस गाठतात, बोटाला टोचून वीस मिनिटांत किटवर निदान करतात, गोळ्या सुरू करतात. पहिल्या दिवशी रक्त तपासलं तर माणूस वाचतो. ते त्यांच्या पायांवर अवलंबून आहे."

गमबूट! मी खट्टू झालो. मच्छरदाणी कशी, शब्द उच्चारला तरी करुणा दाटते. बॅनरवर तिच्याखाली झोपलेलं बाळ दाखवता येतं. गमबुटाखाली काय दाखवणार? तेव्हा मी मनाशी तडजोड केली : पैसे गमबुटांना, बॅनर मच्छरदाणीचा. 'मलेरियामुक्त भामरागड' असं लिहून, खाली झोपलेलं बाळ आणि त्याच्याकडे पाहणारा मी.

योजना सुरू झाली आणि पहिल्या आठवड्यात जो उत्साह दिसला तो मी आमच्या सोसायटीत पाणी जाणार असल्याची नोटीस लागल्याशिवाय कधी पाहिला नव्हता. मुलं औषधांच्या रिकाम्या डब्यांतून डास आणत. मोजणी आमच्या जेवणाच्या टेबलावर, पांढऱ्या कागदावर, भिंग घेऊन. त्या दिवसांत आमच्या घरी पोह्यांत मोहरी घालणं बंद झालं.

मोजणी म्हणजे सोपं काम नव्हे, हे निवडणूक आयोगाखालोखाल मला कळलं. चिलट डासात धरायचं का? धड एकीकडे आणि पाय दुसरीकडे असतील तर एक की दीड? चिनी बॅटने मारलेल्या डासाचा कोळसा होतो, तो पुरावा मानायचा का? (नाही, असं ठरलं. त्यावर बॅटवाल्या मुलांनी मोर्चा आणला.) ए विंगमध्ये मारलेल्या डासाचे पैसे बी विंगने का द्यावेत, असा एक घटनात्मक मुद्दाही निघाला. आणि सीए तर रोज संध्याकाळी स्वतःचं भिंग घेऊन यायचे. त्यांनी कुठेतरी वाचलं, की नर डास चावत नाही, तो फुलातला रस पिऊन राहतो. चावते ती मादी, कारण तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. हे खरंच आहे. नराच्या मिशा झुबकेदार असतात, मादीच्या विरळ, एवढं भिंगातून कळतंही. "मग नराचा रुपया कशाचा?" सीएंनी विचारलं. त्यांच्या दत्तक मुलाच्या डबीतले झुबकेदार मिशांचे सगळे डास त्यांनी बाजूला काढले आणि बिल निम्म्यावर आणलं. त्या मुलाने त्यांच्याशी बोलणं सोडलं.

दुसऱ्या आठवड्यात माल आटला. घरातले डास संपले, जिन्यातले संपले, वॉचमनच्या केबिनमध्ये मुलांनी दोन पाळ्यांत काम करून तेही संपवले. निधीचा ओघ थांबला. मुलांचं मन रमावं म्हणून मी क्लबहाऊसमध्ये प्रबोधनपर व्याख्यान ठेवलं : 'डासाचं जीवनचक्र'. अंडी, अळी, कोष, डास. साचलेलं पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, पाण्यात चार वाळकी पानं पडलेली असली की अळ्यांना खाणं मिळतं, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून सगळी भांडी रिकामी करायची असतात, वगैरे. कोरडा दिवस म्हणताच मागच्या बाकावरच्या पुरुषमंडळींचे चेहरे पडले. त्यांची समजूत घालण्यात माझा वेळ गेला. मुलं मात्र टिपणं काढत होती. माझी आठवीतली मुलगी पहिल्या रांगेत. तिने हात वर करून विचारलं, "बाबा, पाणी स्वच्छ लागतं की घाण?" माझा ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं काही ऐकलं होतं.

मग माल पुन्हा येऊ लागला, आणि असा येऊ लागला की मोजणीला मला रजा टाकावी लागली. माझी मुलगी सगळ्यांत पुढे. डबी गेली, आता ती बरणी आणायची. डासही कसे? अखंड, एकसारखे, टवटवीत. थोबाडीत मारून सपाट झालेला एकही नाही. मी सीएंना दाखवलं, "बघा, काय कौशल्य आहे मुलांचं." सीए म्हणाले, "उत्पादन वाढलंय एवढं खरं." ज्यांनी उत्साहाने मुलं दत्तक घेतली होती ते आता मला पाहून लिफ्टऐवजी जिना धरू लागले. दानाला कसली मर्यादा, हे तेव्हाचंच.

१९०२ साली हनोईत फ्रेंच सरकारने उंदरांचा उपद्रव कमी करायला शेपटीमागे बक्षीस लावलं, तेव्हा गावाबाहेर लोकांनी उंदीर पाळायला सुरुवात केली होती. हे माझ्या वाचनात नंतर आलं. मी वाचतो पुष्कळ. नेमकं हवं ते तेवढं वेळेवर वाचायचं राहतं.

पावसाळ्यात पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक गच्च्या तपासत फिरतात. आमच्याकडे आलेले गृहस्थ निवृत्तीला टेकलेले होते. मी त्यांना खालीच गाठलं, बॅनर दाखवला, योजना सांगितली आणि पावतीपुस्तक पुढे केलं. त्यांनी बॅनरवरच्या बाळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं. "चांगलं काम आहे," म्हणाले, "आधी गच्ची बघू."

टाकीच्या मागे, जिथे आमच्या सोसायटीत मूल होण्याआधीच्या प्रेमी जोडप्यांशिवाय कोणी फिरकत नाही, तिथे एक ओळ मांडलेली होती. आइस्क्रीमचे डबे, रंगाच्या बादल्या, एक फिशटँक आणि महिन्यापूर्वी आमच्या स्वयंपाकघरातून बेपत्ता झालेली परात. प्रत्येकात पाणी, पाण्यात चार वाळकी पानं, वर ओढणी ताणून बांधलेली. भिंतीवर माझ्या मुलीच्या वळणदार अक्षरात : 'मलेरिया निधी. कृपया हात लावू नये.'

गृहस्थांनी ओढणी बाजूला केली, पळी बुडवली, उन्हात धरून पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतकं नीटनेटकं मी आमच्या ट्रेनिंगमध्येही पाहिलं नव्हतं. कोणी शिकवलं?"

तोपर्यंत सेक्रेटरी, सीए आणि निम्मी सोसायटी वर आली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"या बघा," गृहस्थ पळी फिरवत म्हणाले, "डोकं खाली करून लटकल्यात. या एडिस. डेंग्यूवाल्या. मलेरियाच्या ॲनॉफिलीसची अळी पाण्याला समांतर असते, आडवी तरंगते."

"म्हणजे मलेरिया नाही!" मी म्हणालो. मला खरोखर सुटल्यासारखं वाटलं.

सीए म्हणाले, "मलेरियाच्या नावाने गोळा केलेला निधी डेंग्यूकडे वळवलात. ऑडिटमध्ये हे फार वाईट दिसतं."

त्यानंतर गृहस्थ लोखंडी शिडीने टाकीवर चढले. झाकणाचा उडालेला कोपरा त्यांनी बोटांनी चाचपला, आत पळी बुडवली आणि वरूनच मला हाक मारली. मी चढलो. पळीतल्या पाण्यावर बारीक काड्या आडव्या पडल्या होत्या, अगदी समांतर.

"या तुमच्या," ते म्हणाले.

शिडीवर उभ्या उभ्या त्यांनी मला मुंबईचा इतिहास सांगितला. मुंबईत मलेरिया पसरवणारा डास स्टीफन्सी, तो गटारात नाही, असल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. १९११ साली बेंटली नावाच्या डॉक्टरने सरकारला अहवाल दिला, की मुंबईच्या मलेरियाचं मूळ वाड्यावाड्यांतल्या विहिरींत आहे. मग विहिरी झाका, बुजवा अशी मोहीम निघाली. लोक संतापले; विहिरी देवाधर्माच्या, बापजाद्यांच्या. "आता विहिरी नाहीत, टाक्या आल्या. संतापणारे तसेच आहेत," असं म्हणून ते खाली उतरले आणि नोटीस लिहायला बसले. नोटिसा दोन होत्या : एक सोसायटीला, टाकीसाठी, दुसरी 'मलेरिया निधी' या नावाने, परातीसाठी. दुसरीवर पत्ता कोणाचा घालायचा, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

दंड कशातून भरायचा यावर रात्री तातडीची सभा झाली. मलेरियाचाच खर्च आहे, तेव्हा निधीतून भरावा, असा एक विचार पुढे आला. दुसरा विचार माझ्याबद्दल होता. अखेर दंड मी भरला, झाकण सोसायटीने बसवलं, मुलांच्या सगळ्या बिलांवर 'नामंजूर' असा शिक्का बसला आणि मुलगी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही डास कुठून आणायचे हे नियमात लिहिलं नव्हतं." लिहिलं नव्हतं, हे खरं. माझ्या बायकोने परात घासून घेतली. मात्र तिच्यात मळलेल्या कणकेच्या पोळ्या मी एकट्यानेच खाव्यात, असं ठरलं.

निधी बुडीत गेला होता. पावतीपुस्तक मी माळ्यावर टाकलं. आणि मग एका दुपारी मला थंडी वाजली.

मलेरियाबद्दल मी इतकं बोललो होतो की तो कसा असतो हे मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. तसं काही नव्हतं. घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर घेऊन मी दात वाजवत पडलो. मग आग. मग घाम, इतका की चादर पिळावी. मग काहीच नाही. उठून चहा मागावा इतकं बरं. म्हणून डॉक्टरकडे गेलो नाही. पॅरासिटामॉल घेतली. आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. एक दिवस मध्ये जाऊन पुन्हा तीच वेळ, तीच हुडहुडी. तेव्हा कुठे रक्त तपासलं. व्हायवॅक्स.

भाच्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "ताप आल्याआल्या रक्त तपासलंत ना?"

मी दृष्टीचं सांगितलं. पलीकडे शांतता पसरली.

"काका, आमच्याकडे लोक आधी पुजाऱ्याकडे जातात. म्हणून आम्ही पुजाऱ्यांनाच सांगून ठेवलंय, की तुमचं करा, पण माणसाला लगेच आमच्याकडेही पाठवा. तुमच्याकडे असं कोणाला सांगावं लागेल?"

"माझ्या आईला," मी म्हणालो.

औषध साधं होतं : तीन दिवस क्लोरोक्विन, आणि एक रक्ततपासणी करून मग चौदा दिवस प्रायमाक्विन. चौदा दिवसांचं कारण भाच्याने समजावलं. व्हायवॅक्सचा जंतू यकृतात दडून बसतो आणि गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर काही महिन्यांनी परत येतो. बरं वाटायला लागलं की माणसं गोळ्या सोडतात, आणि तिथेच फसतात. मी सोडल्या नाहीत. बायको पट्टी मोजत होती.

खरा चमत्कार मी अंथरुणात असताना झाला. सोसायटीतली माणसं मला बघायला येऊ लागली. काहींनी पपईच्या पानांचा रस आणला. तो डेंग्यूवाल्यांना देतात हे त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या दारात पपईच होती. सेक्रेटरी आले ते नेमके थंडीच्या वेळी. गोधड्यांच्या ढिगातून खाट खडखडताना त्यांनी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "गडचिरोलीत हे पोरांना होतं?" त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "याहून वाईट होतं. ह्यांचा साधा आहे." जाताना त्यांनी उशीखाली पाकीट ठेवलं. मग पुढच्या थंडीला बी विंग आली. माझी हुडहुडीची वेळ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली जाते आहे असा मला संशय होता. नंतर तो खरा ठरला. व्याख्यानाने, आकडेवारीने, बॅनरवरच्या बाळाने जे साधलं नव्हतं ते माझ्या दातांनी साधलं. सीएसुद्धा आले. झुबकेदार मिशांचे कापलेले सगळे रुपये त्यांनी परत मोजून दिले आणि माझ्याकडून, त्या अवस्थेत, पावतीवर सही घेतली.

(माझा ताप कुठल्या टाकीतला, हे सांगता येत नाही असं पालिकेचे गृहस्थ म्हणाले. सांगता येतं, असं सेक्रेटरी म्हणाले.)

उठून हिंडायला लागल्यावर मशीद बंदरला जाऊन रेनकोट, टॉर्च आणि गमबूट घेतले. गमबूट ठोकात घेतले, सगळे नऊ नंबरचे, कारण नवावर सूट होती आणि माझा पाय नऊ नंबरचा आहे. भाच्याचा फोन आला, "काका, आशाताईंचे पाय चार-पाच नंबरचे असतात." मी बूट बदलून आणले. दुकानदाराने काही विचारलं नाही, पण पोत्यातून बूट मोजून घेताना तो माझ्याकडे जसं बघत होता तसं मोजणीच्या टेबलावरून मी मुलांकडे बघत असे.

सामान पर्लकोटेला पूर यायच्या आत पोचलं नाही. पूर ओसरल्यावर पोचलं. पोच आली, तिच्यावर एका आशाताईंनी कडेला लिहिलं होतं, की टॉर्च फार चांगल्या आहेत, बुटांचं पुढच्या वर्षी आधी विचारावं.

तेव्हा पुढच्या वर्षी आहेच. २५ एप्रिल हा जागतिक मलेरिया दिन असतो, आणि देशातून मलेरिया हद्दपार करायला सरकारने २०३० साल धरलेलं आहे. म्हणजे घाई आहे. मी पावतीपुस्तक माळ्यावरून खाली काढलं आहे. आपल्यापैकी कोणाला द्यायची इच्छा असेल त्यांनी आधी स्वतःच्या गच्चीवर चढून टाकीचं झाकण बघावं, आणि मग द्यावं. रोख, चेक, यूपीआय, सगळं चालेल. डास घेतले जाणार नाहीत.